कुणाचे काय बेत होते

१ मे १९८१ला जालना जिल्हा झाला, तेव्हा अंबड तालुक्यातल्या आमच्या घरात शाळेच्या वयाची सहा पोरं होती. आम्ही चार सख्खी (दादा, अक्का, बापू आणि मी) आणि काकांची दोन. आबांनी, म्हणजे आजोबांनी, ओट्यावर बसून जाहीर केलं, ‘‘कलेक्टर जवळ आला. आता आपल्यातलं एखादं तिथं बसंल.’’ आमच्या पिढीच्या बाबतीत घरात मोठ्यानं बोलला गेलेला हा पहिला बेत. त्यात कुणाचं नाव नव्हतं. ‘एखादं’ म्हणजे सहातलं एक, हे मात्र आम्हाला न सांगता कळलं होतं.

आबांना असे बेत करायची सवय होती, कारण त्यांचा स्वतःचा बेत इतिहासानं उधळला होता. ते निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. तहसिलीत कारकून व्हायचं, एवढ्यासाठी शिकले. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, हळूहळू कचेरीतलं उर्दू गेलं, आणि आबा झेंडा लावून, पेढे वाटून परत नांगराला लागले. ते स्वातंत्र्याच्या बाजूचे होते आणि त्याच स्वातंत्र्यानं त्यांची कारकुनी गेली, याची त्यांना गंमत वाटायची. बाजाराच्या हिशेबाची वही ते शेवटपर्यंत उर्दूत लिहायचे. घरात दुसऱ्या कुणालाच ती वाचता यायची नाही, हा त्यातला फायदा.

आमच्या भागात माणसाचे बेत कालव्यावरून ठरत. जायकवाडीचा डावा कालवा तालुक्यातून जातो. कालव्याच्या खालच्या अंगाला ज्यांचं रान, त्यांच्याकडं ऊस, अंकुशनगरच्या समर्थ कारखान्याचं सभासदपद, आणि पोरांना पदवीपर्यंत शिकवायची ऐपत. आमचं रान वरच्या अंगाला. कालव्याचं पाणी डोळ्यांना दिसायचं, पण चढावर येत नसे. एक विहीर, तिच्यावर कपाशी आणि पुढं मोसंबी. १९७२च्या दुष्काळात आईनं ज्या पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली, मिलो आणि सुकडी खाऊन आम्हाला वाढवलं, त्याच तलावाच्या पाझरानं ही विहीर चालत होती. पाऊस बरा झाला तर दोघांना शिकवता येईल, बेताचा झाला तर एकाला, हे गणित अण्णा, म्हणजे आमचे वडील, कधी बोलून दाखवत नसत, पण विहिरीत डोकावताना त्यांच्या चेहऱ्यावर ते असायचं.

पैसा आणखी एका वाटेनं यायचा. त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण जालन्याबाहेरच्या माणसाला ते ठाऊक नसतं आणि जालन्यातली शिकलेली माणसं ते सांगत नाहीत. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये जालन्यात महिको सुरू केली. भेंडीच्या ‘पुसा सावनी’ बियाण्यापासून त्यांची सुरुवात झाली, आणि १९९८ला त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्यामागून जालन्यात बियाण्यांच्या कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या. या कंपन्या शेतकऱ्याला संकरित बियाण्याचा प्लॉट द्यायच्या. नराची ओळ वेगळी, मादीचं रान वेगळं. कपाशीचं संकरित बी कारखान्यात होत नाही, ते बोटांनी करावं लागतं. दुपार कलली की मादीच्या झाडावरची, उद्या उमलेल अशी कळी ओळखायची. अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर सोलून काढायचे, आतल्या कोवळ्या दांडीला धक्का न लावता. वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराची फुलं तोडून, टोपी काढून, त्या दांडीवर फूल फिरवायचं. याला आमच्याकडं ‘क्रॉसिंग’ म्हणतात, आणि आठवी नापास बाईसुद्धा हा शब्द झोकात उच्चारते.

हंगाम श्रावणापासून पुढं दोन महिन्यांचा. कोवळी दांडी मोडू नये म्हणून लहान बोटं चांगली, असं सगळेच म्हणायचे. त्यामुळं भाद्रपदात शाळेचा पट निम्मा व्हायचा आणि मास्तरही समजून घ्यायचे, कारण मास्तरांच्या घरीही प्लॉट असायचा. आज याला बालमजुरी म्हणतात. बरोबरच म्हणतात. आमच्या अंगठ्याची नखं दिवाळीपर्यंत काळी असायची, आणि साबणानं जात नसत. शिवाय एवढं करून कंपनीनं बी तपासलं आणि उगवण कमी लागली, की अख्खा लॉट नापास. एका वर्षी तसं झालं. कुणाची चूक होती ते कळलं नाही. त्या वर्षी आमच्यातल्या कुणालाच नवा गणवेश आला नाही, एवढं कळलं.

पण आमच्या पिढीचं मनातलं जे काही बोलणं झालं, ते त्या प्लॉटमध्येच झालं. घरात मोठ्यांसमोर कुणी बोलत नसे. पातीला लागलं, की प्रत्येकाची आपापली ओळ, तोंड झाडाकडं, कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही; अशा वेळी माणूस खरं बोलतं. नाना, काकांचा थोरला, मिलिटरीत जाणार होता. काकांची ताई नर्स होणार होती, कारण अंबडच्या दवाखान्यातल्या सिस्टरला डॉक्टरसुद्धा ‘अहो’ म्हणतो, हे तिनं ऐकलं होतं. दादा इंजिनिअर. मी बाई होणार होते, शाळेतली बाई. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. बापूनं काही सांगितल्याचं कुणाला आठवत नाही. आणि अक्काला कंडक्टर व्हायचं होतं.

यावर आम्ही किती हसलो असू! एसटीत तेव्हा बाई कंडक्टर कुणी बघितली नव्हती. पण अक्काचं सगळं ठरलेलं होतं. खांद्याला चामडी बॅग, हातात तिकिटांचा डबा, आणि तो पंच. त्याची टिकटिक करत गर्दीतून पुढं जायचं, सुट्टे पैसे मागायचे, आणि मनात आलं की घंटी ओढून गाडी थांबवायची. ‘‘एवढी मोठी गाडी आपल्या एका दोरीनं थांबती,’’ ती म्हणायची. क्रॉसिंगच्या पातीला ती सगळ्यांच्या पुढं असायची. नराचं फूल झाडावर टेकवताना तोंडानं ‘टिक टिक’ करायची.

अक्का आमच्यात सगळ्यांत हुशार. हे मी प्रेमानं म्हणत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत तिचाच पहिला नंबर होता आणि तोंडी हिशेबात दादा तिच्या मागं असायचा. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल दुसऱ्या गावात, मधे ओढा. दादा ओढा ओलांडून जात होता. अक्काला मात्र घरी बसवलं. त्या दिवशी भांडण झालं नाही, रडारड झाली नाही, कुणी निर्णय घेतल्यासारखंही वाटलं नाही. जूनमध्ये दादाचं दप्तर निघालं आणि तिचं निघालं नाही. मग ती सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा प्लॉटवर जाऊ लागली. १९८५ला अठरा पूर्ण झाल्यावर तिचं परतूर तालुक्यात लग्न झालं. अठरा पूर्ण होऊ दिली, याचं त्या काळी अण्णांना कौतुक मिळालं.

दादाचं दहावीचं वर्ष आणि मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं उघडायला परवानगी दिली ते १९८३ साल जवळपास एकच. कॉलेजं निघाली, पण तिथला आकडा ऐकून अण्णांनी उपरणं झटकलं आणि परत एसटीत बसले. दादा औरंगाबादच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमाला गेला. खोलीचं भाडं, मेस, ड्रॉइंगचा बोर्ड, सगळं त्या दोन-तीन हंगामांच्या बियाण्यातून गेलं. १९८५ला वाळूजमध्ये बजाजचा कारखाना आला आणि मराठवाड्यातल्या लग्नाच्या बाजाराला नवं माप मिळालं. मुलगा काय करतो, यापेक्षा ‘बजाजला आहे का’ हे आधी विचारलं जायचं. दादा बजाजला लागला नाही, बजाजला सुटे भाग देणाऱ्या एका कंपनीत लागला. आई मात्र गावात ‘बजाजलाच म्हणा की’ असं सांगायची, आणि तसं म्हटल्यानं कुणाचं बिघडलंही नाही.

नाना उंचीत कमी पडला. तो आधी जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये आणि मग एका बियाणे कंपनीत प्लॉट तपासायला लागला. म्हणजे ज्या ‘साहेबा’ला आम्ही भ्यायचो, तो साहेब झाला. ताई खरोखरच नर्स झाली. मी बारावीनंतर डी.एड. केलं. त्या वेळी डी.एड. म्हणजे हमखास नोकरी. नंतर दर तालुक्याला डी.एड. कॉलेजं निघाली, २०००मध्ये शिक्षणसेवक योजना आली, महिना ३,००० रुपयांवर पोरं-पोरी राबली, आणि पुढं तर भरतीच थांबली. माझ्या हाताखालून गेलेल्या काही मुली डी.एड. होऊन आज साडी सेंटरमध्ये घड्या घालतात. मी थोडी आधी जन्मले, एवढीच माझी कर्तबगारी.

राहिला बापू. तो घरी राहिला. आमच्याकडं हे वाक्य एवढंच असतं. १९८६ला अण्णांची तब्येत बिघडली, बापूची दहावी झालेली होती, आणि रान पडीक पडणार होतं. कापूस एकाधिकार खरेदीत घालायचा म्हणजे बैलगाडी घेऊन केंद्रावर रात्र-रात्र रांगेत बसायचं, आणि पैसा हप्त्याहप्त्यानं घ्यायचा. ते सगळं त्यानं अंगावर घेतलं. त्यानंच न्यूसेलर मोसंबीची बाग उभी केली. आंबे बहराच्या पैशात माझं डी.एड. झालं, दादाच्या घराचा स्लॅब पडला, आईचे डोळे झाले. दिवाळीला आम्ही शहरातून फटाके न्यायचो आणि तिकडून येताना गाडीत मोसंबीच्या गोण्या भरायचो. या देवाणघेवाणीत कोण फायद्यात होतं, ते सांगायला नको.

२०१२चा पाऊस आलाच नाही. जालना शहरात पंधरा-पंधरा दिवसांनी नळ येत होता, तिथं बागांचं कोण विचारतो? बापूनं टँकर विकत घेऊन घातले. पुढच्या उन्हाळ्यात झाडं वाळली आणि त्यानं स्वतः बाग तोडून सरपण केलं. जिल्ह्यात हजारो एकरांवर तेच चाललं होतं. पुढं २०१६ला जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी वाचून बापू म्हणाला, ‘‘नाव लागलं ते बरं झालं. झाडं असती तर आणखी बरं झालं असतं.’’

आता पोरांची पिढी बोलती झाली आहे. आमच्यासारखं तोंड झाडाकडं करून बोलत नाही. समोरासमोर सांगते, आणि मोठ्यांनाही विचारते. बापूच्या थोरल्यानं शेततळं केलं, पुन्हा मोसंबी लावली. तो दर महिन्याच्या ५ तारखेला खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या चर्चेला जातो. विजयअण्णा बोराडे यांनी तिथं शेतकऱ्याला शेतकऱ्याशी बोलतं केलं, त्याचं फळ जालना तालुक्यातल्या कडवंची गावात दिसतं. नव्वदच्या दशकात तिथं इंडो-जर्मन पाणलोटाची कामं झाली. माथ्यापासून चर खणले, पाणी अडवलं, आणि आमच्या बागा वाळल्या त्या साली कडवंचीची द्राक्षं टिकली. हा पोरगा कडवंचीला जाऊन आल्यापासून पावसापेक्षा उताराबद्दल जास्त बोलतो. त्याच्या पुढच्या आशा दोनच, असं तो हसत सांगतो: पाणी आणि बायको. पहिली त्यानं निम्मी मिळवली. दुसरीसाठी मुलीकडचे पुण्यात फ्लॅट आहे का विचारतात. तिशी उलटली आहे. त्याचं हसणं दर दिवाळीला थोडं कमी होतं.

बापूच्या धाकट्यानं आधी क्रिकेट खेळून बघितलं. त्याला दोष देत नाही. जालन्याच्या विजय झोलनं २०११मध्ये कूचबिहार करंडकात नाबाद ४५१ धावा केल्या, २०१४ला भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाचं कप्तानपद सांभाळलं. त्या काळात जिल्ह्यात बॅट न धरलेलं पोरगं सापडलं नसतं. मग जालन्याच्याच एका रिक्षाचालकाचा मुलगा, अन्सार शेख, एकविसाव्या वर्षी ३६१वा येऊन यूपीएससी पास झाला. २०१६च्या त्या निकालानंतर प्रत्येक रिक्षावाल्याला, सालगड्याला, मोंढ्यातल्या हमालाला वाटलं की आपलंही. यात वाईट काही नाही. पण एक अन्सार पास होतो तेव्हा किती पोरं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एका खुर्चीचं भाडं भरत वय घालवतात, तेही घरात बोललं पाहिजे. आमचा हा पोरगा २०२०च्या टाळेबंदीत पुण्याहून पुस्तकांची पेटी घेऊन आला. आता पहाटे डांबरी रस्त्यावर पळतो. पोलीस भरतीला १,६०० मीटर लागतात.

आणि अक्काची धाकटी. ही जीएनएम होऊन संभाजीनगरच्या दवाखान्यात काम करते आणि रात्री जर्मन शिकते. २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला, तेव्हापासून नर्सिंगच्या पोरींत हे वारं आहे. बोलण्याचा सराव व्हावा म्हणून ती तिकडच्या आपल्या वयाच्या पोरापोरींशी फोनवर बोलते. मागच्या दिवाळीत ते काय काय बोलतात, हे तिनं आम्हाला ओट्यावर बसून सांगितलं. तिथल्या एकीला शहरात भाड्याची खोली मिळत नाही. एकाचं गाव रिकामं होत चाललंय, शाळा बंद पडली. जंगलं उन्हानं वाळतात याची त्यांना धास्ती, युद्ध जवळ आलंय याची धास्ती. लग्न करावं का, पोर होऊ द्यावं का, यावर ती पोरं तास-तास बोलतात. बापू ऐकत होता. म्हणाला, ‘‘म्हंजे त्यायलाबी खोलीचं भाडं हायेच.’’ त्याला बरं वाटलेलं दिसलं.

मग त्या पोरीनंच एकेकाला विचारायला सुरुवात केली. मामा, तुम्हाला काय व्हायचं होतं? मावशी, तुला? आमची उत्तरं सगळ्यांना पाठ होती. अक्काच्या कंडक्टरकीवर पुन्हा हसणं झालं. अक्का म्हणाली, राजूरच्या गणपतीला जाताना एसटीत पहिल्यांदा बाई कंडक्टर बघितली, तेव्हा मी तिकीट काढून उतरायचं ठिकाण येईपर्यंत तिच्याचकडं बघत होते. मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून ती कारण काढून फिरते. ‘‘पण पंच गेला,’’ ती म्हणाली. ‘‘आता ते मशीन. त्यात काय मजा?’’

बापूची पाळी आली तेव्हा कुणी गंभीर नव्हतं. तो म्हणाला, मला मोटारी भरायचं दुकान टाकायचं होतं. अंबडला. विहिरीवरची मोटार जळाली की अण्णा त्याला सोबत न्यायचे, आणि मिस्त्री तांब्याची तार गुंडाळत असताना हा तासन्‌तास बघत बसायचा. त्यानं आयटीआयचा फॉर्म आणला होता, वायरमन ट्रेडचा, भरून ठेवला होता. तो टपालात टाकायच्या आठवड्यात अण्णा आजारी पडले. ‘‘मग?’’ पोरीनं विचारलं. ‘‘मग काय, कपाशी येचायला आली व्हती.’’ कामून सांगितलं नाहीस, असं दादानं त्याला विचारलं. कुणी इचारलंच नाही, असं तो म्हणाला, आणि यात तक्रार नव्हती.

आम्ही शिकलेल्यांनी आजवर ‘स्वतःच्या हिमतीवर वर आलो’ असं पुष्कळ ठिकाणी सांगितलं आहे. दादानं कंपनीतल्या निरोपसमारंभात सांगितलं, मी शाळेत मुलांपुढं सांगितलं. ते खोटं आहे. दादाचा डिप्लोमा अक्काच्या नखांनी सोलला आणि माझं डी.एड. बापूच्या न टाकलेल्या फॉर्मवर झालं. आणि आमच्याकडची रीत अशी की वडील गेल्यावर बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचं. महाराष्ट्रानं १९९४ला आणि देशानं २००५ला मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क दिला, तरी गावोगावी ही रीत चालूच आहे. बहीण सही करते, भाऊ लुगडं घेतो, आणि दोन्ही बाजू याला माया म्हणतात. म्हणजे अक्कानं शाळा सोडली, आता रान सोडायचं.

दादानं आणि मी ते उलटं केलं. संक्रांतीनंतर अंबडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन आमच्या दोघांचं हक्कसोडपत्र नोंदवलं. कागद करणाऱ्यानं दोनदा विचारलं, बहिणीचं नाव ठेवायचं म्हणता ते नक्की का? अक्का आधी नको म्हणत होती. लोक काय म्हणतील, बापूला वाटणी कमी पडेल, असं तिचं चाललं होतं. बापूच म्हणाला, ‘‘बांधाशेजारी तू असलेली बरी. हिशेबात मी कच्चा.’’ तलाठ्याकडं फेरफार झाला. सातबाऱ्यावर आता दोन नावं आहेत, बापूचं आणि अक्काचं.